बत्तिसावी बंदूक

किसनच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं तिरोडकर विचारणाऱ्याला सांगत. ते खरं नव्हतं. राहून जाण्यासाठी गोष्ट आधी विसरावी लागते, आणि ते पत्र ते एक दिवसही विसरले नव्हते. निळ्या शाईतलं, एका पानाचं ते पत्र जूनमध्ये आलं. दुबईत, अल बर्शातल्या मुलाच्या फ्लॅटमध्ये आधी ते त्यांच्या उशीखाली राहिलं, मग चष्म्याच्या डबीखाली, आणि शेवटी शब्दकोशाच्या पोटात जाऊन बसलं. आठ महिने.

किसन त्यांचा शाळेपासूनचा मित्र. कुडाळजवळ गावी राहायचा आणि कानांनी दगा दिल्यापासून फोनला हात लावत नसे. त्यानं लिहिलं होतं:

‘मधू, मेल्या, वाळवंटात जाऊन वाळू झालास काय? काम आहे म्हणून लिहितो. गावात शेतीराखणीच्या परवान्याच्या चौदा बंदुका आहेत. वीस वर्षांत त्यांनी एक डुक्कर पाडलेलं नाही, पण माणसं प्यायली की त्या भिंतीवरून खाली काढतात. तंटामुक्तीच्या समितीत विषय निघालाय, की जो आपली बंदूक पोलिसांकडे कायमची देऊन टाकील त्याला समितीनं मिक्सर द्यावा. अर्धे म्हणतात भानगडी थांबतील, अर्धे म्हणतात मिक्सर फुकट जातील. परदेशात असं करतात म्हणे. तू जन्मभर वाचनालयात बसून वाचलंस. अशा बंदुका घेतल्यानं गुन्हे कमी होतात का? हो किंवा नाही, एवढंच कळव.’

चाळीस वर्षं ग्रंथपाल असलेल्या माणसाला ‘हो किंवा नाही’ असं विचारणं म्हणजे मासे खाणाऱ्याला काट्यासकट गिळ म्हणण्यासारखं होतं. तिरोडकरांनी नातीच्या लॅपटॉपवर वाचायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलियात सरकारनं सक्तीनं साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेतल्या, आणि पुढे बंदुकीनं मरणारी माणसं कमी झाली. हे वाचून त्यांनी ‘हो’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी कळलं, की ती आधीपासूनच कमी होत होती. त्यांनी ‘हो’ खोडलं. अमेरिकेतल्या शहरांत लोक राजीखुशीनं माळ्यावरच्या गंजक्या बंदुका आणून देतात, पैसे घेतात, आणि गुन्ह्यांच्या आकड्यांना त्याचा पत्ताही लागत नाही, असं बहुतेक अभ्यासक म्हणत होते. त्यांनी ‘नाही’ लिहिलं. पण मग ‘बहुतेक’ या शब्दानं त्यांची झोप उडवली. अशी एकोणीस उत्तरं झाली. एकही पेटीत पडलं नाही. आपण आजवर वाचलं ते सगळं चुकीच्या कपाटातून वाचलं, असं त्यांना वाटू लागलं.

आणि त्याच वेळी, लाजत लाजत का होईना, तिरोडकर स्वतः बंदूक चालवू लागले होते.

त्याला कारण कबुतरं. ऑक्टोबरात ऊन जरा उतरलं, की चौथ्या मजल्यावरची गॅलरी ही त्यांची वाचायची खोली. पण कबुतरं कठड्यावर येऊन बसत आणि नेमकी उघड्या पानावर आपली सही करून जात. तिरोडकरांना मोठ्यानं ‘हुश्श’ म्हणण्याचाही संकोच वाटे. वाचनालयात त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना गप्प केलं होतं, तेही बोट ओठांवर ठेवून. एका सकाळी बॅगांच्या मागे त्यांना नातीची, रिद्धीची, जुनी जेल-गन सापडली. निळ्या-नारिंगी प्लास्टिकची. दोन वर्षांपूर्वी ईदला तिनं हट्टानं घेतलेली आणि तिच्या आईनं ‘टाकून दिली’ म्हणून जाहीर केलेली. सोबत खोकंही होतं. गोळ्या संपल्या होत्या. खोक्यावर लिहिलं होतं, की गोळ्या चार तास पाण्यात भिजवाव्यात, त्या फुगतात आणि पारदर्शक होतात.

तिरोडकरांनी ते दोनदा वाचलं. मग स्वयंपाकघरात पाहिलं. त्या दिवशी एकादशी होती. हेमानं, म्हणजे त्यांच्या सुनेनं, रात्रीच मोठा साबुदाणा भिजत घातला होता. तिरोडकरांच्या पत्नी मनोरमाबाई गेल्यावर सासूचे सगळे उपास हेमानं कुणी न सांगता आपल्याकडे घेतले होते. भांड्यातला साबुदाणा कसा टपोरा, मोकळा, चकचकीत. तिरोडकरांनी इकडेतिकडे पाहून एक मूठ उचलली.

पहिला दाणा कबुतराच्या डोक्यावरून गेला, कमानीनं खाली उतरला आणि पार्किंगमधल्या गाडीच्या काचेवर फुटला. ‘टप्’ असा आवाज आला. तिरोडकर खुर्चीमागे वाकून बसले. पासष्ट वर्षांपूर्वी जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकीपाशी ते अर्धा तास उभे राहिले होते आणि नेम चुकला तर लोक हसतील म्हणून तसेच परतले होते. आज नेम चुकला होता आणि कुणीच हसलं नव्हतं. त्यांनी दुसरा दाणा भरला.

कबुतरांनी या कारवाईची दखल घेतली ती अशी, की कठड्यावर सांडलेला साबुदाणा खायला त्यांनी आपले नातेवाईक बोलावले. तेव्हा खरं तर थांबायला हवं होतं. पण आता कबुतरांचा संबंध राहिला नव्हता. समोरच्या गच्चीवरच्या डिशवर दाणा बसला, की ‘टण्’ व्हायचं, आणि त्या ‘टण्’साठी ते पुढच्या उपासाची वाट पाहू लागले. दहा दाण्यांतला एक डिशवर बसे. उरलेले नऊ खाली जात.

खाली तक्रारी होऊ लागल्या. कुणाच्या गाडीवर, कुणाच्या टकलावर, एकदा तर इमारतीच्या मॅनेजर उमैमाबाईंच्या कॉफीत. नऊ तक्रारी झाल्या. बिल्डिंगमधल्या मुलांकडे खंडीभर जेल-गन होत्या, त्यामुळे सगळ्यांनी मुलांना धरलं, मुलांनी एकमेकांना धरलं, आणि उमैमाबाईंनी वॉचमन हमदुल्लाला धरलं.

हमदुल्ला पेशावरकडचा, सहा फूट उंच, आणि तिरोडकरांचा दुबईतला एकुलता एक मित्र. भाडेकरू घर सोडून जाताना पुस्तकं कचऱ्याच्या खोलीत टाकून जात, ती तो पुसून, सुतळीनं बांधून वर आणून देई. त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं. “बाबूजी, ये मोटी वाली अच्छी होगी,” असं तो वजनावरून सांगे, आणि बऱ्याचदा ते खरं निघे.

डिसेंबरच्या सुट्टीत रिद्धीनं योजना काढली. ती तेरा वर्षांची. दुबईतच वाढलेली, आईनं मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी. तिनं आजोबांच्या खांद्यावरून लॅपटॉप वाचला होता.

“आजोबा, वी शुड डू अ बायबॅक! हिअर! फॉर जेल गन्स!”

“अगं, पण त्याचा उपयोग होतो की नाही हे अजून—”

“दॅट्स व्हाय वी विल कलेक्ट डेटा. यू आर माय रिसर्च अ‍ॅडव्हायझर.”

आयुष्यात त्यांना कुणी पहिल्यांदाच काहीतरी ‘अ‍ॅडव्हायझर’ म्हटलं होतं. ते नाही म्हणू शकले नाहीत. उमैमाबाईंनी पैसे मंजूर केले. एका बंदुकीला दहा दिरहमचं किराणा दुकानाचं कूपन.

“दहा दिरहम! म्हणजे अडीचशे रुपये!” हेमा म्हणाली. “त्या बंदुकीची किंमत तरी तेवढी आहे का?”

लॉबीत टेबल मांडलं. रिद्धी बंदुका घ्यायची आणि आजोबा सुवाच्य अक्षरात पावत्या फाडायचे. पुस्तकांत वाचलेलं सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर घडलं. कुणी घोडा तुटलेली बंदूक आणली, कुणी नुसती नळी. पाचव्या मजल्यावरच्या केयानं पाच आणल्या, त्यांतल्या चार शारजाच्या मावसभावांच्या होत्या. कूपनं घेऊन दोघीतिघी थेट दुकानात गेल्या आणि नव्या कोऱ्या जेल-गन घेऊन आल्या, हे तर हमदुल्लानं स्वतः पाहिलं. संध्याकाळपर्यंत एकतीस बंदुका जमल्या. एकतिसाव्या पावतीवर सही करून तिरोडकरांनी घाईनं पुस्तक मिटलं. जिच्यामुळे हा सगळा पसारा मांडला होता, ती बंदूक वर, त्यांच्या स्वेटरांच्या मागे, आरामात पडली होती.

त्या दिवसापासून त्यांनी तिला हात लावला नाही. लावूच शकले नाहीत. आणि त्या दिवसापासून तक्रारीही बंद झाल्या. सहा आठवडे, एकही नाही.

फेब्रुवारीत रिद्धीचा आलेख तयार झाला. शनिवारी लॉबीत उमैमाबाईंसमोर तो दाखवायचा होता. त्यांना तो पटला, तर कंपनीच्या आणखी अकरा इमारतींत हीच योजना लागू होणार होती. दुपारच्या चहाला रिद्धीनं लॅपटॉप टेबलावर ठेवला. डावीकडे नऊ लाल ठिपके, मध्ये हिरवी रेघ, उजवीकडे मोकळं पांढरं मैदान.

“बघा! बायबॅक वर्क्स!”

हेमा चहा गाळत होती. ती सहज वाकली. “या तारखा कसल्या?”

“कम्प्लेंट्सच्या. ऑक्टोबर तीन, दहा, सतरा. नोव्हेंबर दोन, आठ, पंधरा. डिसेंबर एक, सात, पंधरा. इट्स रँडम, ममा. क्रिमिनल्स आर रँडम.”

गाळणं हातात धरून हेमा भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी गेली. मागचं वर्ष संपलं तरी त्याच्या पाठी पाककृती होत्या म्हणून तिनं ते नव्याच्या मागे तसंच टांगून ठेवलं होतं. तिनं ऑक्टोबरचं पान काढलं. मग नोव्हेंबरचं. गाळण्यातून चहाचे थेंब फरशीवर पडत होते.

“एकादशी,” ती पुटपुटली. “संकष्टी. एकादशी. एकादशी. संकष्टी...” मग वळून सासऱ्यांकडे पाहत अगदी शांतपणे म्हणाली, “तरीच. मी म्हणते, खिचडी प्रत्येक वेळी कमी का पडते! मी आपला दुकानदाराला बोल लावत होते, की अर्ध्या किलोत मारतो म्हणून.”

तिरोडकरांनी बशीत पाहिलं. बशीत चहा नव्हता.

“व्हॉट?” रिद्धीनं विचारलं.

“काही नाही गं. बाबांना आणखी चहा हवाय.” हेमा वाकून कप भरू लागली आणि हळूच म्हणाली, “बाबा, निदान कबुतर तरी पडलं का एखादं?”

त्यांनी नकारार्थी मान हलवली. हेमाचे खांदे हसण्यानं गदगदत होते. पण कप ठेवताना तिचा चेहरा बदलला. “हसण्यावारी नेऊ नका मात्र. हमदुल्लाची बदली झालीय, ठाऊक आहे ना? महिनाअखेरीस पार अबुधाबीकडे, मुसफ्फाच्या गोदामावर. तीन महिने गुन्हेगार सापडला नाही म्हणून. आणि आता तर म्हणतात, एका मुलीच्या टेबलानं जमलं ते वॉचमनला का जमलं नाही?”

तिरोडकरांना ठाऊक नव्हतं. हमदुल्लानं सांगितलं नव्हतं. कालच तो सुतळीत बांधलेली तीन पुस्तकं देऊन गेला होता आणि म्हणाला होता, “बाबूजी, इस महीने जल्दी जल्दी पढ़ लो.” आत्ता कुठे त्याचा अर्थ लागला.

शुक्रवारी त्यांनी कबुलीजबाबाचे चार मसुदे केले. पहिल्यात तळटिपा होत्या. दुसऱ्यात कबुतरांचा दोष निम्मा होता. तिसरा इतका नम्र झाला, की गुन्हा कुणी केला हेच त्यातून कळेना. चौथा त्यांनी फाडला. नाही सांगितलं, तर रिद्धीच्या आलेखात ते कायमचे हुशार आजोबा राहणार होते, आणि हमदुल्ला मुसफ्फात पत्र्याच्या शेडखाली पेट्या मोजणार होता.

शनिवारी लॉबीत पंधरावीस माणसं होती. रिद्धी छान बोलली. शेवटच्या पानावर आजोबांचा फोटोही होता. मधोमध बसलेल्या उमैमाबाईंनी, सरळ पाठीच्या आणि मोजकं बोलणाऱ्या त्या बाईनं, दोनदा मान डोलावली. हमदुल्ला दारापाशी उभा होता.

“एनी क्वेश्चन्स?” रिद्धीनं विचारलं.

मागच्या रांगेत एक हात वर झाला. हाताच्या मालकालाच त्याचं सर्वांत जास्त आश्चर्य वाटलं असावं. तिरोडकर उठले. त्यांच्या काखेत उशीचा अभ्रा होता. ते टेबलापाशी गेले, अभ्र्यातून निळी-नारिंगी बंदूक काढून ठेवली, खिशातून पावतीपुस्तक काढलं आणि स्वतःच लिहिलं: क्रमांक बत्तीस.

“आजोबा, दॅट्स माय ओल्ड गन,” रिद्धी हसून म्हणाली. मग तिनं त्यांचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू गेलं.

“तुझे नऊच्या नऊ ठिपके माझे आहेत, बाळा,” ते म्हणाले. मग उमैमाबाईंकडे वळून, मोडक्या इंग्रजीत त्यांनी सगळं सांगितलं. एकादशी कुणालाच कळली नाही. साबुदाणाही कळला नाही. तेव्हा हेमा पुढे आली आणि तिनं डब्याचं झाकण उघडलं. योगायोगानं म्हणा किंवा तयारीनं म्हणा, डब्यात गरम खिचडी होती.

उमैमाबाईंनी चमच्यानं एक दाणा उचलून उजेडात धरला. “हे माझ्या कॉफीत होतं,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “मी रिपोर्टात ‘अज्ञात रसायन’ असं लिहिलंय.”

कुणीतरी फसकन हसलं. उमैमाबाई हसल्या नाहीत. पण त्यांनी तो दाणा खाल्ला आणि मग उरलेला चमचाही.

“बाबूजी!” दारातून हमदुल्लाचा आवाज घुमला. “तीन महीने मैं चोर पकड़ने छत पे धूप में खड़ा रहा! और आप रोज़ बालकनी से मुझे सलाम करते थे!”

“माफ करना, हमदुल्लाभाई.”

“कबूतर कितने मरे?”

“एक भी नहीं.”

“फिर तो निशाने की भी माफ़ी माँगो!” तो म्हणाला आणि कपाळावर हात मारून हसू लागला. पण डोळे त्यानं बाहीनं पुसले.

उमैमाबाईंनी फाइल उघडली. बदलीच्या कागदावर ‘कारण’ असा रकाना होता आणि त्यात ‘गुन्हेगार सापडला नाही’ असं लिहिलेलं होतं. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं, तिरोडकरांकडे पाहिलं, परत ओळीकडे पाहिलं. कारण उरलं नव्हतं. त्यांनी कागद उभा फाडला. “खलास,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी रिद्धीचा आलेख असलेला कागदही मिटून तिच्याकडे सरकवला. “सॉरी, हबीबती. यावरून अकरा इमारतींचे पैसे मी मागू शकत नाही. आणि मिस्टर तिरोडकर, पार्किंगमधल्या नऊ गाड्यांच्या काचा. उद्या सकाळी. बादली हमदुल्ला देईल.”

काचा पुसून झाल्या. बादली हमदुल्लानंच धरली आणि प्रत्येक काचेवर ‘इधर रह गया, बाबूजी’ असं म्हणायचा आनंद पुरेपूर घेतला. रिद्धी मात्र दोन दिवस आजोबांशी बोलली नाही. तिरोडकरांनी ते मुकाट्यानं सोसलं. वाचत बसले, पण पान उलटत नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी शब्दकोश उघडला, तर किसनच्या पत्राला एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. मोडक्यातोडक्या मराठी अक्षरांत, बहुधा आईला विचारून विचारून, लिहिलं होतं: ‘पण आजोबा, तुम्ही थांबलात ना? मग योजना चालली की नाही?’

त्यांनी चिठ्ठी पत्रावरून सोडवून समोर ठेवली. मग त्यांनी लेटरपॅड घेतलं आणि कच्चा मसुदा न करता, आयुष्यात पहिल्यांदाच थेट पक्कं लिहिलं:

‘प्रिय किसन, उशिराबद्दल शिव्या घाल. तुमचा निर्णय झालाही असेल, तरी कळवतो. आमच्याकडे एकतीस बंदुका जमा झाल्या. त्यांतल्या एकीनंही काही केलेलं नव्हतं. ज्या एकीनं केलं होतं, ती कुणी आणून दिली नाही, कारण ती माझी होती. (हसू नकोस. सविस्तर पुढल्या पानावर.) तरीही मी थांबलो. दहा दिरहमसाठी नाही. टेबलाशी बसून इतरांच्या पावत्या फाडाव्या लागल्या, म्हणून थांबलो. तेव्हा मिक्सरनं गुन्हे कमी होतील असं मला वाटत नाही. मिक्सर न्यायला तीच माणसं येतील, ज्यांच्या बंदुकीत उंदरांनी घर केलंय. पण दारू पिऊन भिंतीवरची बंदूक काढणारे जे दोघेतिघे असतील, ते तुला ठाऊक आहेतच. त्यांना समितीवर घे आणि पावतीपुस्तक त्यांच्या हातात दे. याला पुरावा एकाच माणसाचा आहे, आणि तो माणूसही फारसा भरवशाचा नाही. म्हणून हो की नाही ते मी अजूनही सांगू शकत नाही. तुझा, मधू.’

‘फारसा’ खोडावा का, यावर त्यांनी पाच मिनिटं घालवली. तेवढ्यात रिद्धी चपला घालून दारात उभी राहिली.

“आजोबा, यल्ला! पोस्ट क्लोजेस अ‍ॅट टू.”

खाली हमदुल्लानं पाकिटाचं वजन हातावर करून पाहिलं आणि म्हणाला, “मोटा है. अच्छा होगा.” वाटेत किराणा दुकानात तिरोडकरांनी बत्तिसाव्या पावतीचं कूपन मोडून अर्धा किलो साबुदाणा घेतला. हेमाचं तेवढं देणं होतं. उरलेल्या पैशांत रिद्धीनं च्युइंगगम घेतलं. पोस्टाच्या काउंटरवर तिकीट लागलं, शिक्का बसला. पाकीट हातातून सोडायची वेळ आली तेव्हा तिरोडकरांची बोटं जरा आखडली, आणि रिद्धीनं ती एकेक करून सोडवली.